लहान सदनिकेतील साठवण : कपाटे किती असावीत, यापेक्षा ती किती खोल असावीत?

उंबरठा (धागाकर्ती)

लहान सदनिकेत सामान मावत नाही, या अडचणीवर पहिला उपाय म्हणून आणखी एक कपाट केले जाते, मग पलंगाखाली पेटी येते आणि शेवटी छताजवळ माळा काढला जातो. घरातले एकूण घनफळ अशा रीतीने वापरात येते, हे खरे आहे. तरीही त्या घरात राहणाऱ्यांना हवी ती वस्तू हव्या त्या वेळी सापडत नाही, रोजचे सामान टेबलावर आणि खुर्च्यांवर साचत राहते आणि काही महिन्यांतच पुन्हा जागा अपुरी वाटू लागते. लहान घरांची आखणी करण्याचे काम मी करते. या कामात मला वारंवार दिसलेली एक गोष्ट येथे सविस्तर मांडते आणि जाणकारांनी तिच्यावर मते द्यावीत, अशी विनंती करते.

माझे म्हणणे असे की, लहान घरात साठवणीचा खोलपणा, म्हणजे कपाटाच्या दारापासून मागच्या पाठीपर्यंतचे अंतर, हे सर्वांत महत्त्वाचे माप आहे आणि नेमके तेच माप आपण विचार न करता स्वीकारतो. फर्निचर करून घेताना साठ सेंटीमीटर किंवा दोन फूट हे माप जणू ठरलेलेच असते. त्यामागे एक सबळ कारण आहे. कपड्यांचा हँगर साधारण ४३ ते ४५ सेंटीमीटर रुंद असतो, त्यावर अडकवलेल्या शर्टाच्या किंवा कोटाच्या बाह्या दोन्ही बाजूंना थोड्या बाहेर येतात, म्हणून आत सुमारे ५५ सेंटीमीटर मोकळी जागा लागते आणि दार व पाठ धरून साठ होतात. टांगायच्या कपड्यांसाठी हे माप योग्यच आहे. अडचण सुरू होते ती हेच माप घडीच्या कपड्यांना, पुस्तकांना, औषधांना, कागदपत्रांना आणि बरण्यांना लावल्यावर. घडी केलेला शर्ट तीस ते पस्तीस सेंटीमीटरमध्ये बसतो, बहुतेक पुस्तकांना पंचवीस सेंटीमीटर पुरतात, तर औषधाच्या बाटलीला दहासुद्धा जास्त होतात. साठ सेंटीमीटर खोल कप्प्यात या वस्तूंच्या दोन किंवा तीन रांगा लागतात, आणि मागच्या रांगेत काय आहे हे पुढची रांग बाहेर काढल्याशिवाय कळत नाही. पुढची रांग बाहेर काढणे हे काम रोज कोणी करत नाही. परिणामी मागची रांग विस्मरणात जाते आणि घरात असलेलीच वस्तू पुन्हा विकत आणली जाते.

एक साधा हिशेब मांडते. दीड मीटर रुंद, १.९ मीटर लांब आणि आतून ३५ सेंटीमीटर उंच अशा बॉक्स बेडमध्ये जवळपास एक घनमीटर जागा मिळते. आता तीन मीटर लांबीच्या एखाद्या मोकळ्या भिंतीवर २.१ मीटर उंचीपर्यंत केवळ १५ सेंटीमीटर खोल फळ्या लावल्या, तर त्यांचे घनफळ ०.९४ घनमीटर होते, म्हणजे जवळजवळ तेवढेच. या फळ्यांनी जमिनीचे अर्ध्या चौरस मीटरहूनही कमी क्षेत्र व्यापले. फरक असा की, बॉक्स बेडमधली वस्तू काढण्यासाठी गादी उचलावी लागते, आणि भिंतीवरची प्रत्येक वस्तू समोर एका रांगेत दिसते. दोन्हींकडे घनफळ सारखेच असले, तरी वापराच्या दृष्टीने त्यांची बरोबरी होऊ शकत नाही.

म्हणून घरातील वस्तूंची विभागणी त्यांच्या प्रकारानुसार करण्याआधी त्या किती वेळा हातात घ्याव्या लागतात यानुसार करावी, असे मी सुचवते. रोज आणि आठवड्यातून काही वेळा लागणाऱ्या वस्तू कंबरेच्या थोड्या खालपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे जमिनीपासून साधारण ७० ते १५० सेंटीमीटर उंचीवर, एका रांगेत असाव्यात. महिन्यातून एकदा लागणाऱ्या वस्तू त्याच्या वर किंवा खाली चालतील. वर्षातून एक-दोनदाच निघणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे प्रवासाच्या बॅगा, जादा अंथरुणे, हंगामी कपडे यांच्यासाठी, मात्र खोल जागा आणि उंच माळे जरूर वापरावेत. बहुतेक घरांत हा ७० ते १५० सेंटीमीटरचा पट्टा चित्रे, घड्याळे, टीव्ही आणि मोकळ्या भिंती यांनी व्यापलेला असतो आणि रोजच्या वस्तू त्याच्या खाली वाकून किंवा वर चढून काढाव्या लागतात. माझ्या मते लहान घराच्या आखणीत पहिला बदल येथेच करायला हवा.

दाराच्या पाठीमागची जागा हे दुसरे उदाहरण आहे. दार पूर्ण उघडल्यावर त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये दहा-बारा सेंटीमीटरची जी फट उरते, ती कोणत्याही तयार कपाटाला निरुपयोगी असते, पण पिशव्या, छत्र्या, पट्टे, ओढण्या आणि इस्त्रीचे टेबल यांना तेवढी जागा पुरते. पादत्राणांच्या बाबतीतही असेच आहे. मोठ्या माणसाचे पादत्राण सरळ ठेवले तर तीस सेंटीमीटरहून अधिक खोलपणा लागतो, पण तिरके उभे राहील अशा कलत्या खणात ते सतरा ते वीस सेंटीमीटरमध्ये बसते. अरुंद प्रवेशमार्गात हे दहा-बारा सेंटीमीटर वाचल्याने माणूस सहज ये-जा करू शकतो.

एक इशाराही आवश्यक आहे. भिंत दिसली की फळी लावायची, असा याचा अर्थ मुळीच नाही. घरात किमान एक भिंत पूर्ण मोकळी असावी, असे मला मनापासून वाटते, कारण डोळ्यांना विसावा मिळेल अशी जागा नसलेल्या लहान खोलीत माणूस लवकर थकतो.

फळी-बिजागरी

लेख आवडला आणि मुख्य मुद्दा पूर्णपणे पटला. मी फर्निचर बनवण्याच्या व्यवसायात आहे, त्यामुळे कारागिराच्या बाजूने काही भर घालतो.

कमी खोल फळी लांब केली की ती मध्ये वाकते, ही तक्रार आमच्याकडे सतत येते. फळीवर सर्वत्र सारखे वजन असेल, तर तिचा बाक लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. दोन आधारांमधील अंतर ६० ऐवजी ९० सेंटीमीटर केले, तर अंतर दीडपट होते, पण बाक मात्र पाचपट होतो. जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो, म्हणून १८ मिलिमीटरऐवजी २५ मिलिमीटरची फळी घेतल्यास बाक अडीच पटींहून अधिक घटतो. पुस्तकांनी भरलेल्या एक मीटर फळीवर वीस ते तीस किलो वजन सहज येते. त्यामुळे पुस्तकांसाठी १८ मिलिमीटरच्या फळीला साठ-सत्तर सेंटीमीटरवर उभा आधार द्यावाच, असे मी ग्राहकांना सांगतो. भुशाच्या पार्टिकल बोर्डच्या बाबतीत हे अंतर आणखी कमी ठेवावे, कारण तो बोर्ड सततच्या वजनाखाली वर्षानुवर्षे हळूहळू वाकतच राहतो आणि वजन काढले तरी पूर्ण सरळ होत नाही. फळीच्या पुढच्या कडेला खालून चार सेंटीमीटर रुंदीची लाकडी पट्टी उभी जोडली, तर अत्यल्प खर्चात फळी बरीच ताठ होते. या साध्या उपायाकडे फारच कमी लोक लक्ष देतात, याचे मला वाईट वाटते.

दुसरा मुद्दा ड्रॉवरचा. खोल कपाट आधीपासूनच असेल आणि ते मोडायचे नसेल, तर त्याच्या खालच्या भागातील फळ्या काढून तेथे पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर बसवावेत. साठ सेंटीमीटर खोल फळीवरची मागची वस्तू दिसत नाही, पण तेवढाच खोल ड्रॉवर पूर्ण बाहेर आला की सर्व वस्तू वरून दिसतात. मात्र चॅनल, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या, घेताना नीट पाहावे. साध्या चॅनलवर ड्रॉवर तीन-चतुर्थांशच बाहेर येतो आणि मागचा भाग पुन्हा अंधारातच राहतो. ड्रॉवर पूर्ण बाहेर आणणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंना मिळून सुमारे २६ मिलिमीटर जागा सोडावी लागते. त्यामुळे तीस सेंटीमीटर रुंदीच्या अरुंद कपाटात ड्रॉवरच्या भिंती, चॅनल आणि कपाटाच्या बाजू वजा जाता हातात फारच थोडी रुंदी उरते. म्हणून अरुंद ड्रॉवर अनेक करण्याऐवजी रुंद ड्रॉवर थोडे करावेत.

सरकत्या दारांविषयीही लिहितो. उघडझाप करायला जागा लागत नाही म्हणून लहान खोलीत सरकती दारे सुचवली जातात, आणि पलंग अगदी जवळ असेल तर ती योग्यही ठरतात. परंतु सरकत्या दारांच्या कपाटाचा एका वेळी निम्माच भाग उघडा दिसतो आणि रुळांसाठी आठ ते दहा सेंटीमीटर खोलपणा खर्ची पडतो. समोर ७५ ते ८० सेंटीमीटर मोकळी जागा असेल, तर ४० ते ४५ सेंटीमीटर रुंदीची बिजागरीची दारे मला अधिक सोयीची वाटतात.

गादीखालचे

धागाकर्तींच्या बॉक्स बेडविषयीच्या मताशी मी सहमत नाही. पलंग जमिनीचे जे क्षेत्र व्यापतो, ते तसेही अडलेलेच असते. त्याखालची जागा रिकामी सोडून भिंतीवर फळ्या लावणे, हा लहान घरात न परवडणारा निर्णय आहे. आम्ही एका खोलीच्या घरात चार माणसे राहतो. जादा गाद्या, पांघरुणे आणि मुलांचे पुढच्या वर्षीचे मोठ्या मापाचे कपडे पलंगाखाली नसते, तर ते ठेवायला आमच्याकडे दुसरी जागाच नव्हती. गॅस स्ट्रटवर, म्हणजे दाबलेल्या वायूच्या जोराने फळी उचलणाऱ्या दांड्यांवर, वर उचलणारा पलंग असेल, तर गादी काढावीही लागत नाही.

उंबरठा (धागाकर्ती)

तुमचा आक्षेप रास्त आहे आणि तुम्ही दिलेली यादी पाहिली, तर आपल्या दोघांच्या मतांत फारसे अंतर नाही. जादा गाद्या, पांघरुणे आणि पुढच्या वर्षीचे कपडे या क्वचित लागणाऱ्या वस्तू आहेत, आणि त्यांच्यासाठी पलंगाखालची जागा उत्तमच आहे. रोजचे टॉवेल, मुलांचे शाळेचे कपडे किंवा चालू असलेली कागदपत्रे तेथे जाऊ नयेत, एवढाच माझा आग्रह आहे. गॅस स्ट्रट घेताना त्यांची ताकद गादीच्या वजनाप्रमाणे निवडलेली असावी. हलक्या गादीखाली जादा ताकदीचे स्ट्रट असले तर पलंगाची फळी आपोआप वर उचलली जाते, आणि जड गादीखाली अपुऱ्या ताकदीचे असले तर उचललेली फळी अचानक खाली येऊ शकते. दुसऱ्या प्रकारात हात किंवा डोके अडकण्याचा धोका असल्यामुळे लहान मुलांच्या घरात याविषयी विशेष दक्षता घ्यावी. पलंगाची एक बाजू मोकळी असेल, तर त्या बाजूला चाकांवरचे खण आणि भिंतीकडच्या अर्ध्या भागात वरून उघडणारी पेटी, अशी विभागणीही चांगली चालते.

भाडेकरू

येथे लिहिलेले बहुतेक उपाय स्वतःच्या मालकीच्या घराला लागू पडतात. आमच्या भाडेकरारात भिंतीला छिद्र पाडण्यास मनाई आहे. जमिनीपासून छतापर्यंत ताणून उभे करण्याचे खांब आणि त्यांवर अडकवायच्या जाळ्या वापरता येतील का, तसेच उंच आणि अरुंद रॅक भिंतीला न जोडता उभा केला तर चालेल का, हे कृपया सांगावे. घरात दोन वर्षांचे मूल आहे.

फळी-बिजागरी

मूल दोन वर्षांचे आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. उंच रॅक किंवा ड्रॉवर असलेले कपाट भिंतीला न जोडता कृपया उभे करू नका. या वयाची मुले उघड्या ड्रॉवरचा पायऱ्यांसारखा उपयोग करून वर चढतात. दोन-तीन ड्रॉवर एकाच वेळी बाहेर आले की कपाटाचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि त्यात मुलाच्या वजनाची भर पडली की कपाट पुढे कोसळते. अशा अपघातांत लहान मुले दगावली आहेत. अमेरिकेत याच कारणासाठी डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि १ सप्टेंबर २०२३ पासून कपडे ठेवण्याच्या २७ इंच किंवा त्याहून उंच कपाटांना स्थिरतेची सक्तीची चाचणी लागू झाली. त्या चाचणीत भरलेले व उघडे ड्रॉवर, खालचा गालिचा आणि मुलाने ओढल्यामुळे येणारा भार या तिन्हींचा विचार केलेला आहे. कपाट कोणत्याही देशातले असले, तरी कोसळण्याचे कारण हेच असते.

घरमालकांशी बोलून केवळ दोन छिद्रांची परवानगी मागा आणि घर सोडताना ती बुजवून देण्याचे लिहून द्या. सुरक्षेचे कारण सांगितले तर बहुतेक जण नकार देत नाहीत. परवानगी मिळालीच नाही, तर कंबरेपेक्षा उंच नसलेली, रुंद आणि खाली जड अशी कपाटे निवडा. ताणून बसवायचे खांब हलक्या वस्तूंसाठी ठीक आहेत, पण छत खोटे, म्हणजे जिप्समचे असेल, तर त्यावर ते मुळीच टेकवू नयेत. तसेच काही आठवड्यांनी त्यांचा ताण सैल पडतो, म्हणून ते पुन्हा घट्ट करत राहावे लागतात. मूल ज्या खोलीत खेळते, तेथे मी ते लावणार नाही.

धाग्याच्या मूळ मुद्द्याशी जोडलेली एक गोष्ट येथेच सांगतो. फळीचा खोलपणा ३० वरून १५ सेंटीमीटर केला, तर तिच्यावर मावणारे वजन निम्मे होते आणि त्या वजनाचे भिंतीपासूनचे अंतरही निम्मे होते. त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या ब्रॅकेटच्या वरच्या स्क्रूवर येणारी ओढ सुमारे एक-चतुर्थांश होते. पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत नेहमीचा प्लग (छिद्रात बसवायची खुंटी) आणि स्क्रू पुरतो. हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत त्या ब्लॉकसाठी बनवलेलेच प्लग घ्यावेत. जिप्सम बोर्डच्या भिंतीत मात्र मागचा उभा सांगाडा शोधून त्यातच स्क्रू मारावा. भिंत ठोकून आवाज ऐकला, तरी ती कोणत्या प्रकारची आहे याचा बराच अंदाज येतो. विजेच्या बोर्डाच्या सरळ वर, खाली आणि बाजूला ड्रिल चालवू नये, कारण वायरी बहुधा त्याच रेषेत जातात.

भाडेकरू

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. उंच रॅकचा विचार आम्ही सोडला असून छिद्रांच्या परवानगीसाठी घरमालकांना पत्र लिहीत आहोत.

कोरडी हवा

साठवणीच्या चर्चेत ओलाव्याचा विषय बहुधा राहून जातो, आणि कपडे व कागद खराब होण्याचे मुख्य कारण तर तेच असते. इमारतींच्या देखभालीच्या कामातील अनुभवावरून लिहितो.

बाहेर थंडी असते तेव्हा बाहेरच्या बाजूची भिंत आतल्या हवेपेक्षा थंड असते. तिला घट्ट चिकटवून कपाट ठेवले की कपाटामागची हवा हलत नाही आणि त्या भागातील भिंत आणखी थंड राहते. खोलीत तापमान २५ अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर आपल्याला हवा सुखद वाटते. पण तीच हवा २० अंश तापमानाच्या भिंतीलगत गेली की तेथील आर्द्रता सुमारे ८० टक्के होते, आणि एवढी आर्द्रता बुरशी वाढण्यास पुरेशी असते. भिंतीचे तापमान १७ अंशांच्या खाली गेले, तर तेथे प्रत्यक्ष दवबिंदूच जमतात. म्हणूनच खोली कोरडी वाटत असतानाही कपाटाच्या पाठीवर काळे डाग पडतात. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवायचेच असेल, तर मागे पाच सेंटीमीटर अंतर सोडावे, कपाट पायांवर उभे असावे आणि वरून हवा बाहेर पडण्यास वाट असावी. शक्य असेल तेथे खोल कपाटे आतल्या भिंतींना लावावीत आणि बाहेरच्या भिंतींवर उघड्या, कमी खोल फळ्या ठेवाव्यात. धागाकर्तींची सूचना या दृष्टीनेही योग्य ठरते.

हवा काढून घेण्याच्या व्हॅक्यूम पिशव्यांविषयी बऱ्याच जणांचे गैरसमज आहेत. त्यांत ठेवण्याआधी कपडे पूर्ण कोरडे असावे लागतात, अन्यथा राहिलेला ओलावा आतच कोंडला जातो. सुती आणि कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांना त्या चालतात. पिसे भरलेल्या रजया आणि जाकिटे मात्र महिनोन्महिने दाबून ठेवली की त्यांचा फुगीरपणा, म्हणजेच ऊब धरून ठेवण्याची क्षमता, कमी होते. चामड्याच्या वस्तूंना कायमच्या घड्या पडतात. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घट्ट बंद होणाऱ्या डब्यातच उपयोगी पडतात. कपाटाचे दार रोज उघडत असेल, तर त्या काही दिवसांतच ओलाव्याने भरून जातात आणि नंतर नुसत्या पडून राहतात.

सिंकखालच्या कपाटाबद्दलही थोडे लिहितो. तेथे नळजोडणी असते आणि गळती सुरू झाली तरी ती सामानाच्या मागे अनेक दिवस दिसत नाही. त्यामुळे तेथील वस्तू एका उचलता येणाऱ्या ट्रेमध्ये ठेवाव्यात. ब्लीच आणि आम्लयुक्त स्वच्छताद्रव्य शेजारी ठेवू नये, कारण सांडून ती एकत्र आली तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो.

ओट्याजवळ

स्वयंपाकघराचा इतिहास पाहिला, तर या विषयावर शंभर वर्षांपूर्वी झालेले काम आजही मार्गदर्शक ठरते. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद महिलेने १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या गृहनिर्माण योजनेसाठी सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले आणि त्या योजनेत अशी जवळपास दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. काम करणारी व्यक्ती किती पावले चालते आणि कोणत्या क्रियेला किती वेळ लागतो, याचा अभ्यास करून ही आखणी झाली होती. रेल्वेच्या भोजनयानातील अरुंद स्वयंपाकघराचाही त्यात विचार होता. पीठ, साखर, तांदूळ यांसारख्या जिन्नसांसाठी तोटीचे छोटे ॲल्युमिनियमचे खण होते. खण बाहेर ओढायचा आणि त्यातूनच जिन्नस भांड्यात ओतायचा, अशी ती सोय होती. भिंतीवर दुमडणारा इस्त्रीचा फळाही होता. खणांवर जिन्नसांची नावे कायमची कोरलेली असल्यामुळे ज्या कुटुंबाला वेगळे जिन्नस लागत, त्यांची अडचण होई, आणि खण खालच्या उंचीवर असल्यामुळे ते लहान मुलांच्या हाती येत.

या दोन्ही बाबींमधून मी असा बोध घेते की, जागेचे माप नेमके असावे, पण त्या जागेचा उपयोग कायमचा ठरवून टाकू नये. आज लहान मुलाच्या दुधाच्या बाटल्यांसाठी नेमका बनवलेला कप्पा तीन वर्षांनी कोणत्याच कामाचा राहत नाही. फळ्यांना दर तीन-चार सेंटीमीटरवर पिनांसाठी छिद्रे ठेवून घेतली, तर उंची हवी तेव्हा बदलता येते.

ओट्याखालच्या कोपऱ्याविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. तेथे बसवण्याच्या फिरत्या यंत्रणा महाग असतात, जागाही खातात आणि त्यांच्या मागे पडलेली वस्तू काढणे अवघड होऊन बसते. लहान स्वयंपाकघरात तो कोपरा सरळ बंद करून दोन्ही बाजूंचे ड्रॉवर रुंद करावेत. हिशेब केला, तर मिळणारी उपयुक्त जागा बहुधा सारखीच भरते. वरच्या कपाटांचा खोलपणा तीस-पस्तीस सेंटीमीटरहून अधिक ठेवू नये, कारण त्याहून पुढे आलेले कपाट ओट्यावर वाकलेल्या माणसाच्या कपाळाला लागते.

सांधेदुखी

उंचीविषयी एक विनंती आहे. माझ्या आईला खांद्यापेक्षा वर हात नेता येत नाही आणि गुडघ्यांमुळे खाली बसताही येत नाही. घरातील ७० ते १५० सेंटीमीटरचा पट्टा कुटुंबातील सर्वांत तरुण माणसाच्या वस्तूंनी भरलेला होता, कारण कपाटे त्यानेच लावली होती. तो पट्टा आम्ही आईच्या वस्तूंसाठी मोकळा केला आणि स्वतःच्या वस्तू वर-खाली हलवल्या. तिला आता दिवसभरात कोणाला हाक मारावी लागत नाही, हे पाहून फार समाधान वाटते. ज्यांच्या घरी ज्येष्ठ आहेत, त्यांनी माप ठरवताना टेप त्यांच्या हाताच्या टप्प्याला लावून पाहावी.

तीन बाय तीन

आमची झोपण्याची खोली ३ मीटर रुंद आणि ३.३ मीटर लांब आहे. दीड मीटर रुंदीचा पलंग, दोघांचे कपडे आणि घरून काम करण्यासाठी एक टेबल, एवढे त्यात बसवायचे आहे. दार एका लांब भिंतीच्या टोकाला आहे. येथील चर्चेच्या आधारे काय करावे, हे कोणी सांगू शकेल का?

उंबरठा (धागाकर्ती)

दार ज्या टोकाला आहे, त्याच्या विरुद्ध टोकाच्या तीन मीटरच्या भिंतीवर साठ सेंटीमीटर खोल कपाट पूर्ण रुंदीभर घ्या. मात्र ती भिंत बाहेरची नाही, याची आधी खात्री करा. आता खोलीची लांबी २.७ मीटर उरली. पलंगाचे डोके समोरच्या लहान भिंतीला आणि एक बाजू दार नसलेल्या लांब भिंतीला लावा. पलंग १.९ मीटर लांब असल्याने पायथा आणि कपाट यांच्यात ८० सेंटीमीटर अंतर राहील. कपाटाचे दार उघडून कपडे काढण्यास ते पुरते, पण पन्नास सेंटीमीटर बाहेर येणाऱ्या ड्रॉवरसमोर उभे राहण्यास पुरत नाही. म्हणून पलंगासमोरच्या अर्ध्या भागात टांगण्याच्या दांड्या ठेवा आणि सर्व ड्रॉवर उरलेल्या अर्ध्या भागात, मोकळ्या जागेसमोर घ्या. लांब कपडे फार नसतील, तर एक दांडी एक मीटरवर आणि दुसरी दोन मीटरवर, अशा दोन दांड्या लावता येतील.

पलंगाच्या बाजूला दीड मीटर मोकळी पट्टी राहते. तिच्यालगतच्या लांब भिंतीवर, दाराची उघडझाप संपते तेथून कपाटापर्यंत, २० सेंटीमीटर खोल फळ्या लावा आणि त्यांच्याच ओळीत ७३ ते ७५ सेंटीमीटर उंचीवर दुमडणारे टेबल बसवा. टेबल उघडल्यावर फळीसह ५० सेंटीमीटर खोल झाले, तरी पलंगापर्यंत एक मीटर उरतो आणि खुर्ची मागे सरकवून उठता येते. टेबल ड्रॉवरच्या भागाला अगदी लागून घेऊ नका, नाहीतर एक उघडायला दुसरे मिटावे लागेल. दारामागे केवळ हुक लावा.

सुताराला काम सांगण्याआधी पलंग, कपाट, टेबल आणि दाराचा वळसा या सर्वांच्या कडा कागदी चिकटपट्टीने जमिनीवर आखून घ्या आणि त्या रेषा न ओलांडता आठवडाभर त्या खोलीत वावरून पाहा. एखाद्या ठिकाणी पाय वारंवार रेषेवर पडत असेल, तर तेथील माप लिहून येथे कळवा, म्हणजे कपाट आणि फळ्या यांपैकी कोणता खोलपणा कमी करता येईल हे पाहता येईल.